सासू दिसली की वाट सोडायची

(दृश्य: पायवाट. समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई. तरुण मान वळवून झाडीत शिरतो.)

समोरून सासू येतेय, म्हणून जावई वाट सोडून झाडीत शिरला. भांडण नाही, अबोला नाही; रीतच तशी. सासूचं तोंड बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही. एकमेकांची गंधवार्ताही नसलेल्या समाजांत प्रवाशांनी ही रीत पाहिली आणि लिहून ठेवली.

ही रीत एकटी येते, की सोबत आणखी काही घेऊन? इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी साडेतीनशेच्या आसपास समाजांची टिपणं जमवून तक्ते मांडले. १८८९ च्या निबंधात ते म्हणतात, नवरा बायकोच्या माहेरी राहायला जातो, तिथं ही टाळाटाळ अपेक्षेपेक्षा जास्त सापडते. म्हणजे घरजावयाचं अवघडलेपण फक्त आपल्याकडचं नाही!

निबंध वाचला गेला त्या सभेचे अध्यक्ष होते फ्रान्सिस गाल्टन. त्यांनी खोडा घातला: शेजाऱ्याची रीत शेजाऱ्यानं उचलली असेल, तर ती दोनदा का मोजायची? ही शंका आजही या अभ्यासाची पाठ सोडत नाही.

(दृश्य: कार्डांचे खण. बोटं चिठ्ठ्या चाळतात.)

अमेरिकेत येल विद्यापीठात जॉर्ज मर्डॉक यांनी १९३७ मध्ये याच कामाचा कारखाना उघडला. जगभरची वर्णनं परिच्छेद-परिच्छेद वाचायची, समासात विषयाचा क्रमांक टाकायचा. ५८४, लग्न जुळवणं. ५८५, लग्नसोहळा. ६०२, नात्यातलं वागणं. पुढं १९४९ मध्ये त्यातूनच 'ह्यूमन रिलेशन्स एरिया फाइल्स' ही संस्था उभी राहिली. चिठ्ठ्या आता संगणकात गेल्यात, क्रमांक मात्र तेच.

गोची अशी, की ६०२ च्या खणात सासूला टाळणंही आहे आणि मेहुणीची थट्टाही. वागणं उलट, खण एकच. आणि नुसता 'टाळणे' हा शब्द शोधला, तर कुणी अमुक मांस टाळतं तेही पुढ्यात येतं.

म्हणून आता यंत्राला शब्दांऐवजी नाती शिकवतात. कोण, काय करतो, कुणाशी: 'जावई – टाळतो – सासू'. जावई हा सोयरा. नाव न घेणं हा टाळण्याचाच एक प्रकार. अशा दुव्यांचं जाळं विणलं, की 'टाळणे' हा शब्द कुठंही नसलेला परिच्छेदही हाती लागतो. येलची ही संस्था आणि इंग्लंडमधलं केंट विद्यापीठ यांनी या दिशेनं काम केलं आहे.

पण कुठलं वागणं कशाचा प्रकार, हे आधी माणूसच ठरवतो. आपलीच आजी घ्या. आजोबांचं नाव जन्मात तोंडातून काढलं नाही. 'आमचे हे' नाहीतर 'अहो'. ही टाळाटाळ, आदर, की लाड? तिला विचारलं असतं, तर हसली असती.

(दृश्य: लग्नघर. बायकांचा गलका: "नाव घे, नाव घे!" नवरी लाजते.)

आणि एरवी न घ्यायचं तेच नाव इथं उखाण्यात बांधून, चारचौघांत, मोठ्यानं घ्यायचं. या एका परिच्छेदाच्या समासात दोन क्रमांक पडतील: ५८५ आणि ६०२.