किनाऱ्यावर थांबलेले गुंड

(पडद्यावर: रिकामा समुद्रकिनारा. फक्त लाटांचा आवाज.)

पोगोवरचं 'ताकेशीज कॅसल' आठवतंय? चिखलात धपाधप पडणारे स्पर्धक, त्यावर जावेद जाफरीची हिंदी कॉमेंट्री आणि किल्ल्याचा मालक ताकेशी. शाळेतून आलो की दप्तर टाकून मी ते बघायला बसायचो. याच माणसाने गुंडांवर सिनेमे काढलेत, आणि ते बघताना हसू येतं नि पोटात खड्डाही पडतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

ताकेशी कितानो. जन्म १९४७, टोकियो. असाकुसातल्या एका थिएटरात लिफ्ट चालवता चालवता तो रंगमंचावर पोचला आणि पुढे एका जोडीदाराबरोबर मान्झाई करू लागला. मान्झाई म्हणजे दोघांची उभ्याने चाललेली जुगलबंदी. एकाने वेड्यासारखं काहीतरी बरळायचं, दुसऱ्याने त्याला फटकारायचं. ताकेशीचा तोंडाचा पट्टा तर सुरू झाला की थांबायचा नाही. १९८९ मध्ये तो पहिल्यांदा दिग्दर्शक झाला, तोही अचानक. कितानो नायक असलेला 'व्हायोलंट कॉप' खरं तर दिग्दर्शक किन्जी फुकासाकू करणार होते. ते बाजूला झाले आणि सिनेमा नायकाच्याच गळ्यात पडला. आणि हा बडबड्या माणूस पडद्यावर गप्प झाला.

मान्झाईत फटका बेसावध क्षणी बसला तरच हशा पिकतो. कितानोच्या सिनेमात गोळी तशीच येते. आधी संगीत चढत नाही, कुणी डोळे वटारत नाही. लिफ्टमध्ये चार माणसं मुकाट उभी असतात आणि पुढच्या क्षणी सगळं संपलेलं असतं.

(पडद्यावर: जपानी पत्ते. आठ, नऊ, तीन.)

'याकुझा', म्हणजे जपानी टोळ्यांमधले गुंड, हा शब्द पत्त्यांच्या डावातून आला. आठ, नऊ आणि तीन: या, कु, झा. बेरीज वीस, आणि डावात धरतात तो शेवटचा आकडा शून्य, म्हणजे काहीच किंमत नसलेला हात. साठच्या दशकात तोएई कंपनीच्या सिनेमांनी या बिनकिमतीच्या माणसाला शब्दाला जागणारा वीर केलं. १९७३ मध्ये फुकासाकूंनी ते सोंग उतरवलं आणि एकमेकांना विकणारे गुंड दाखवले.

त्याच्याही आधी दिग्दर्शक सेईजुन सुझुकी वेगळ्याच वाटेने गेले होते. १९६७ चा त्यांचा 'ब्रँडेड टू किल' बघा. त्यातला भाडोत्री मारेकरी शिजत्या भाताच्या वासाने पागल होतो, आणि बंदुकीवर फुलपाखरू बसल्यामुळे त्याचा नेम चुकतो. निक्कात्सु कंपनीच्या अध्यक्षांना हे काही समजेना. त्यांनी सुझुकींना कामावरून काढलं. सुझुकी कोर्टात गेले, आणि पुढची दहा वर्षं त्यांना सिनेमा मिळाला नाही. एका फुलपाखराची एवढी किंमत त्यांनी मोजली, म्हणून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

(पडद्यावर: ओकिनावा. निळं आकाश, वाळूतलं एक घर.)

आता कितानोचा 'सोनातिने', १९९३. टोकियोचा गुंड मुराकावा, म्हणजे स्वतः कितानो. सुरुवातीलाच माजोंग या जुगाराच्या एका अड्ड्याच्या मालकाला क्रेनला टांगून पाण्यात बुडवतात. मुराकावा कडेला उभा राहून सोबत्याशी बोलत बसतो. वर काढतात तर माणूस गेलेला! कुणी दचकत नाही, फक्त आवराआवर करायला लागतात. तुम्ही हसता, आणि मग आपण कशाला हसलो हे लक्षात येतं.

या मुराकावाला धंद्याचा कंटाळा आलाय. त्याला दोन टोळ्यांचं भांडण मिटवायला दक्षिणेतल्या ओकिनावा बेटावर पाठवतात. तिथे बॉम्ब फुटतो, माणसं मरतात, आणि उरलेले सगळे समुद्राकाठच्या एका घरात लपतात. इथून सिनेमा जणू थांबतोच. मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. करायला काही नाही, म्हणून हे गुंड खेळतात. कागदाचे सुमो पैलवान करून लढवतात, मग स्वतःच त्या कागदी पैलवानांसारखे थरथरत कुस्ती खेळतात. वाळूत खड्डे खणून एकमेकांना पाडतात. रात्री दोन तट करून फटाके सोडतात, आणि त्या फटाक्यांत मुराकावा मजेमजेत खरं पिस्तूल झाडतो. 'टोटोरो' या ॲनिमेशनपटाला संगीत देणाऱ्या जो हिसाइशींचंच इथेही संगीत आहे.

एरवी पडद्यावरचा गुंड मेला तर मला काही वाटत नाही. पण ज्याच्यासोबत मी वाळूत अर्धा तास हसलोय, त्याचं काय करू? कितानोचा सगळा विनोद या एका प्रश्नासाठी आहे. पुढे १९९७ मध्ये त्याच्या 'हाना-बी'ला व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, मिळाला. जगाने त्याला तेव्हा डोक्यावर घेतलं, पण माझं मन या किनाऱ्यावरून हलत नाही.

(पडद्यावर: दुपार. हवेत तरंगणारी फ्रिस्बी.)

फ्रिस्बीचा खेळ चाललाय. एक कोळी वाळूतून चालत येतो. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. तो जवळ येतो, पिस्तूल काढतो आणि एकाच्या कपाळात गोळी घालतो. मुराकावा जागचा हलत नाही. मागे लाटांचा आवाज तसाच चालू राहतो.