भोपळा टुणुक करायचा कसा?

श्रोतेहो, नमस्कार. ए-फोर कागद आडवा धरा. सोबत एचबी पेन्सिल, खोडरबर, पट्टी, वॉटरप्रूफ शाईचं काळं पेन आणि तेलखडू असू द्या. आज काढायची आहे भोपळ्यातली म्हातारी. लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड झालेली, आणि परतताना आतूनच वाघोबाला 'म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक' असं सुनावणारी.

या चित्रात सगळी मेहनत म्हातारीवर जाते आणि भोपळा नुसता नारिंगी गोळा राहतो. मग तो मंडईतून आणून ओट्यावर ठेवल्यासारखा दिसतो. म्हणून आधी भोपळा, आणि तोही हवेत.

कागदाच्या खालच्या कडेपासून ४ सेंटिमीटरवर जमिनीची आडवी रेघ मारा. तिच्यावर ३ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा आणि मग १२ सेंटिमीटर रुंद, ९ सेंटिमीटर उंच असा लंबगोल काढा. उजवीकडे ५ सेंटिमीटर जागा राहू द्या. भोपळा त्या बाजूला निघालाय. पेन्सिल अगदी हलकी हवी. दाबून काढलेली रेघ रबराने पुसली जाते, पण कागदाला पडलेली चर तशीच राहते. तेलखडू तिच्यावरून घसरतो आणि नारिंगीत पांढरी रेघ उमटते.

आता भोपळ्याच्या फाका. समोरून पाच दिसतात. मधली सर्वात रुंद, साधारण साडेतीन सेंटिमीटर. तिच्या दोन्ही बाजूंच्या अडीच-अडीच आणि कडेच्या दोन त्याहून अरुंद. सगळ्या रेघा देठाशी एकत्र येतात, बाहेर फुगतात आणि खाली पुन्हा जवळ येतात. त्या सरळ, समांतर मारल्या की भोपळ्याचा पिंजरा झालाच म्हणून समजा. रेघ जिथे कडेला मिळते, तिथे बाहेरच्या गोलाला छोटी खाच द्या. देठ दोन सेंटिमीटरचा आणि मागे, म्हणजे डावीकडे, वाकलेला. खरा देठ कडक असतो, हवेने वाकत नाही. पण कार्टूनमध्ये वेग दाखवायला असला खोटेपणा चालतो.

एवढं करूनही भोपळा उडत नाही. त्याला उडवते सावली. जमिनीच्या रेघेवर, भोपळ्याच्या बरोबर खाली, ८ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर उंच असा चपटा लंबगोल काढा. सावली आणि भोपळा यांच्यात जितकं अंतर, तितकी उडी उंच. सावली नसेल, तर तो आकाशकंदिलासारखा नुसता लटकतो.

वेगळ्या कागदावर तोच भोपळा जमिनीवर आपटलेला काढायचा असेल, तर तो चपटा करा, पण मोठा करू नका. बारा गुणिले नऊ म्हणजे एकशे आठ, हा गुणाकार तेवढाच राहू द्या. रुंदी १४ केली, तर उंची पावणेआठच्या आसपास आणा. रुंदी वाढवून उंची तशीच ठेवली, तर पाहणाऱ्याला दुसराच भोपळा वाटतो. अ‍ॅनिमेशनवाले याला 'स्क्वॉश आणि स्ट्रेच' म्हणतात. १९३० च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत हे तंत्र घोटलं गेलं.

आता खिडकी. गोष्टीत म्हातारी आत लपलेली असते, चित्रात मात्र ती दिसायला हवी. मध्यापासून किंचित उजवीकडे ५ सेंटिमीटरचं भोक काढा आणि त्याच्या आत दुसरी रेघ फिरवा: डावीकडे अगदी चिकटून, उजवीकडे चार मिलिमीटर आत. ही भोपळ्याची जाडी. ती विसरलात, तर चेहरा वरून चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो.

चेहरा मोदकासारखा: वर निमुळता, खाली गालांपाशी रुंद. गाल हवेतच, नाहीतर ती लेकीकडे जातानाची हडकुळी म्हातारी होते. तोंड बोळकं. दात गेले की ओठ आत ओढले जातात आणि हनुवटी नाकाच्या जवळ येते. म्हणून नाक ते हनुवटी हे अंतर नेहमीच्या निम्मं ठेवा. फक्त एवढ्यानेच वय कळतं. सुरकुत्या तीन पुरे. जास्त काढल्या, तर चेहरा मळका दिसतो. डोळे म्हणजे दोन ठिपके, डाव्या कोपऱ्यात सरकलेले, कारण वाघोबा मागे राहिलाय. त्याचं अर्धं तोंड डाव्या कडेला आलं तरी भागतं.

पेनाने रेघा पक्क्या करा, पाच मिनिटं वाळू द्या आणि मगच पेन्सिल खोडा. आधी पिवळा खडू, त्यावर नारिंगी, फाकांच्या खाचांत थोडा तपकिरी. उलट क्रमाने गेलात, तर पिवळ्या खडूचं टोक तपकिरी होऊन सगळीकडे डाग पाडतं.

राहिला आवाज. भोपळ्याच्या मागे 'टुणुक टुणुक' लिहायचंय. शिरोरेषा पट्टीने मारू नका. आधी उडीसारख्या दोन कमानी काढा, त्याच शिरोरेषा, आणि अक्षरं त्यांना टांगा. 'टु' आणि 'णु' दोन्हींच्या खाली उकार येतात, तेव्हा कमानीखाली पुरेशी जागा ठेवा, नाहीतर उकार वाघोबाच्या कानात शिरतील.