डेक्ट 6.0 म्हणजे 6 गिगाहर्ट्झ नाही! कॉर्डलेस फोनमधलं 'चॅनल' एकदाचं समजून घेऊ

नमस्कार मंडळी! लँडलाइनवाल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी टाकलाय की आता वेगळा व्हिडिओ करणं भागच होतं. "दादा, 5.8 गिगाहर्ट्झचा कॉर्डलेस घेऊ की 6.0 चा? 6.0 जास्त पॉवरफुल ना?"

नाही. अजिबात नाही. डेक्ट म्हणजे डिजिटल कॉर्डलेस फोनचं एक स्टँडर्ड, आणि डेक्ट 6.0 चा फोन 1.9 गिगाहर्ट्झवर चालतो. अमेरिकेत आधी 900 मेगाहर्ट्झचे फोन होते, मग 2.4 गिगाहर्ट्झचे आले, मग 5.8 चे, आणि लोकांना सवयच लागली की आकडा मोठा म्हणजे फोन भारी, त्यामुळे 2005 मध्ये तिकडे डेक्टला परवानगी मिळाल्यावर 1.9 असं खोक्यावर छापलं असतं तर कोण घेणार होतं, म्हणून मार्केटिंगवाल्यांनी सरळ 6.0 नाव देऊन टाकलं. सहाव्या आवृत्तीशी किंवा 6 गिगाहर्ट्झशी त्याचा काही संबंध नाही.

बाकी बेसिक गोष्टी तुम्हाला माहितीच आहेत, बेस भिंतीतल्या लाइनला, हँडसेट हातात, मधे रेडिओ. जॉर्ज स्वाइगर्ट नावाच्या अमेरिकन हॅम (म्हणजे हौशी) रेडिओवाल्याला 1969 मध्ये याचं पेटंट मिळालं. झालं, पुढे.

आता खरा घोळ. कमेंटमध्ये लोक ठासून लिहितात, "चॅनल म्हणजे फ्रिक्वेन्सी, इतकं साधं आहे." जुन्या फोनपुरतं बरोबर आहे हो. 46-49 मेगाहर्ट्झवाले अ‍ॅनालॉग फोन आठवतात? बेस 46 च्या आसपास बोलायचा, हँडसेट 49 च्या आसपास, अशा 10 जोड्या, आणि एक जोडी एका फोनने धरली की धरली. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरी असले फोन होते, दोन्ही बहुतेक एकाच जोडीवर, त्यामुळे आमची आई रिसीव्हर उचलायची आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंची सुनेबद्दलची सगळी तक्रार विनामूल्य ऐकू यायची. आई फोन ठेवायची नाही हा भाग वेगळा.

डेक्टमध्ये मात्र चॅनल म्हणजे फ्रिक्वेन्सी अधिक वेळ. परत सांगतो, फ्रिक्वेन्सी अधिक वेळ. हे स्टँडर्ड युरोपातल्या एत्सी या संस्थेने 1992 मध्ये काढलं. तिथे 1880 ते 1900 मेगाहर्ट्झमध्ये 10 फ्रिक्वेन्सी आहेत. प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर 10 मिलिसेकंदांची एक फ्रेम, आणि तिचे 24 तुकडे, म्हणजे स्लॉट. पहिल्या 12 मध्ये बेस बोलतो, पुढच्या 12 मध्ये हँडसेट. एका कॉलला जाण्याचा एक आणि येण्याचा एक असा स्लॉट लागतो, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर 12 कॉल, आणि 10 फ्रिक्वेन्सीवर 120. ठाण्याच्या एकाच रुळावरून कर्जत, कसारा, बदलापूर सगळ्या गाड्या जातात ना, टक्कर होत नाही कारण वेळ वेगळी, तसंच.

कोणीतरी विचारणारच, "मग दोघं एकदम बोललो तर?" काही होत नाही. तुमचा आवाज आधी साठवतात, दाबून छोटा करतात आणि एका स्लॉटमध्ये भसकन फेकतात. हिशोब करू, मला हा हिशोब फार आवडतो. एका स्लॉटमध्ये आवाजाचे 320 बिट बसतात, सेकंदाला 100 फ्रेम, म्हणजे 32,000 बिट. साध्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाजाला 64,000 लागतात, इथे निम्म्यात काम भागतं. तुमचा फोन प्रत्यक्षात 10 मिलिसेकंदांतला अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळच प्रक्षेपण करतो, बाकी वेळ गप्प. कानाला कळतही नाही.

अजून पटत नसेल तर चालत बघा. हॉलमधून बेडरूममध्ये जाताना भिंत मधे येते, सिग्नल घसरतो. ज्या स्लॉटमध्ये काम नसतं त्यात हँडसेट बाकीचे स्लॉट आणि फ्रिक्वेन्सी तपासत बसलेला असतो. चांगली जागा सापडली की आधी तिकडे नवा चॅनल जोडतो आणि मगच जुना सोडतो. चॅनल म्हणजे फक्त फ्रिक्वेन्सी असती तर हे एवढं सोपं गेलं नसतं. आणि निर्णय हँडसेटचा, बेसचा नाही! म्हणून शेजारी चार डेक्ट फोन असले तरी कोणाला आकडे वाटून द्यावे लागत नाहीत. जुन्या फोनवर ते चॅनलचं बटण दाबत बसायचो ना, ते काम इथे फोन स्वतः करतो.

आणि याची आणखी एक बाजू म्हणजे डेटा. एकाच कनेक्शनला एकापेक्षा जास्त स्लॉट दिले की वेग वाढतो, इतकी सरळ गोष्ट. याचा झकास वापर आपल्याकडेच झाला. आयआयटी मद्रासच्या प्रोफेसर अशोक झुनझुनवालांच्या टीमने मिडास कंपनीबरोबर कॉरडेक्ट बनवलं. तार न ओढता घरापर्यंत फोन, समोर अडथळा नसेल तर 10 किलोमीटरपर्यंत, आणि 35 किंवा 70 केबीपीएसचं नेट. आज हसाल, पण ज्यांनी फोनच्याच लाइनवर नेट देणारा जुना मोडेम वापरलाय त्यांना विचारा. नेट चालू असलं की फोन एंगेज, मग मामा तीन तास फोन लावून दमणार आणि रात्री येऊन ओरडणार. कॉरडेक्टवर नेट आणि बोलणं एकदम चालायचं. माझ्या मते अख्ख्या डेक्टच्या गोष्टीतला हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि रील कशावर बनतात? "हॉलिवूडची नटी हेडी लामारने वायफायचा शोध लावला" यावर!

अहो, नाही लावला. तिचं आणि संगीतकार जॉर्ज अँथाइलचं 1942 चं पेटंट टॉर्पेडोच्या नियंत्रणासाठी होतं, 88 फ्रिक्वेन्सींमध्ये उड्या मारायची कल्पना. कल्पना जबरदस्तच आहे, पण त्याला वायफाय म्हणू नका. आणि डेक्ट तसल्या उड्या मारत नाही, तो जागा निवडतो आणि बिघडली तरच हलतो. डेक्टही उड्या मारतो असं तीन जणांनी कमेंटमध्ये लिहिलंय म्हणून सांगतोय.

शेवटचा प्रश्न, पुण्याच्या एका ताईंचा. "भाऊ न्यू जर्सीहून डेक्ट 6.0 चा सेट आणतोय, इथे लावू का?" लावू नका ताई. अमेरिकेतला डेक्ट 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालतो, आणि आपल्याकडे मोबाइल ज्या पट्ट्यांवर टॉवरकडे बोलतो त्यातली एक 1920 लाच सुरू होते. तुमच्या हॉलमधला बेस टॉवरच्या कानाशी ओरडत बसेल, आणि त्रास तुम्हाला नाही, आजूबाजूच्या मोबाइलवाल्यांना. भावाला सांगा, त्यापेक्षा चॉकलेटं आण. इथलाच सेट घ्या, आणि घेताना खोक्यावर 1880 ते 1900 लिहिलंय ना तेवढं वाचा.