झोप घर देतं

(नागपूरच्या धरमपेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात मे महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कूलरसमोरच्या खुर्च्या सगळ्यात आधी भरल्या, ते मी बघितलं. तिथे कोणाचा डोळा लागला तर शेजाऱ्याने कोपर मारू नये, ही विनंती. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापाचे नऊ दिवस, तोंडावर आलाय, रात्री बाराला भिंतींना हात लावला तरी चटका बसतो. मिळेल तिथे झोप घ्यावी.

पत्रिकेत विषय आहे ‘चांगली झोप आणि आरोग्य’. त्यावर येतोच. पण तीस वर्षं दवाखान्यात बसून माझं एक मत पक्कं झालंय, ते आधी सांगू द्या. झोप ही ज्याची त्याची बाब, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. माणसाला झोप त्याचं घर देतं, आणि बरेचदा घरच ती मोडतं.

माझे बाबा गिरणीत होते. एका आठवड्याआड रातपाळी. सकाळी आठला घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाची लव बसलेली असायची. घर दोन खोल्यांचं, आम्ही चार भावंडं. बाबा आडवे झाले की आई खिडकीला गोणपाट टांगायची आणि तांब्याने त्यावर पाणी मारायची. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळायची, वाजू नये म्हणून. पाटा-वरवंटा तीनपर्यंत बंद. चटणी आदल्या संध्याकाळीच वाटलेली. आम्ही बाहेर कंचे खेळायचो, भांडण झालंच तर खुणांनी.

एकदा आत्या आली. दुपारचे दोन. म्हणाली, “काहून वो वहिनी, दादा अजून लोळूनच आहे?” आई तशी कोणाला उलटून बोलणारी नव्हती. त्या दिवशी म्हणाली, “लोळून नाही, रात्रीची झोप पुरी करून राहिले.” झोपलेल्या माणसाला आळशी म्हणायची ही सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. बुटीबोरीच्या कारखान्यांत रातपाळी करणारी पोरं माझ्याकडे येतात, त्यांनाही घरी हेच ऐकावं लागतं.

पुढे वैद्यकीला गेल्यावर मला त्या गोणपाटाचा अर्थ कळला. शरीराचं घड्याळ मेंदूत असतं आणि डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर ते लागतं. त्या घड्याळाचं पेशींमधलं यंत्र उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. काम केलं होतं फळांवरच्या चिलटांवर. मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण शरीराला देणारं संप्रेरक, उजेडात दबतं. शिवाय झोपेसाठी शरीराचं आतलं तापमान साधारण एक अंशाने उतरावं लागतं, दिवसा ते चढत असतं. रातपाळीवाल्याची झोप अशी दोन्हीकडून अडते. आईचं ओलं गोणपाट अंधारही करायचं आणि गारवाही द्यायचं.

आणि आई? ती अकराला टेकायची, साडेचारला नळ यायचा. तिच्यासाठी कोणी गोणपाट भिजवलं नाही. आम्हीही नाही. पुढे तिला रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या. कारण तेवढं एकच होतं, असं डॉक्टर म्हणून मी म्हणणार नाही. पण गाढ झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला तेवढाच विसावा मिळतो, आणि तो तिला कितीतरी वर्षं अपुराच मिळाला. आज इथे बसलेल्या बायांपैकी घरात सगळ्यात शेवटी कोण झोपतं आणि सगळ्यात आधी कोण उठतं, हात वर करा. बघा, मोजायचीही गरज नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मग भरभर सांगतो. मोठ्या माणसाला सात तास तरी हवेतच. कमी झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं, इन्सुलिनचा असर मंदावतो. म्हणून साखरेच्या रुग्णाला मी आधी झोप विचारतो. दिवसभराचं शिकलेलं झोपेत पक्कं होतं, तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री नातवाला जागवू नका. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असू शकतं. घोरताना मध्येच श्वास थांबत असेल तर ते बाजूच्या माणसालाच दिसतं, त्याने डॉक्टरकडे न्यावं. आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. वरातीचा डीजे वाजतोय म्हणून तक्रार करायला लाजू नका.

एक चिठ्ठी आली आहे: दुपारी झोपावं का? चरकाने दिवसा झोपायची सरसकट मोकळीक दिली ती उन्हाळ्यापुरती, कारण रात्री लहान. आपल्या मे महिन्याला ती लागू आहे. वीस मिनिटं, तीनच्या आत. आणि घरातल्या बाईने झोपावं, तेवढ्यात दाराची घंटी वाजली तर दुसऱ्या कोणीतरी उठावं.