माझे तीन जुनिपर कसे मेले

मंडळी, आधीच सांगून टाकतो. जमिनीवर पसरणाऱ्या जुनिपर नावाच्या झाडावर बोलायला उभा राहिलोय खरा, पण मी लावलेले पहिले तिन्ही जुनिपर मेले. तुम्ही म्हणाल, जळगावचं ऊन, मे महिन्यातले ४५ अंश, मरणारच. पण मेमध्ये ते टिकले होते. मेले ते ऑगस्टात.

हे झाड आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. दारातल्या मोरपंखीच्याच कुळातलं आहे. काष्ठौषधीच्या दुकानात हाऊबेर म्हणून काळपट गोळ्या मिळतात, त्या जुनिपरच्या. दिसायला फळ, पण खरं तर तो मऊ झालेला शंकू. जिन नावाच्या दारूला वास येतो तोही यांचाच. (हसू नका, मी फक्त वनस्पतिशास्त्र सांगतोय.) लडाखात याला शुकपा म्हणतात आणि देवापुढे त्याचा धूप जाळतात.

यातल्या काही जाती झाडासारख्या उभ्या वाढतात, काही जमिनीला चिकटून पसरतात. पसरणाऱ्यांतली एक कॅनडातली आणि अमेरिकेच्या उत्तर भागातली. तिचा 'विल्टोनी' नावाचा निळसर प्रकार १९१४ साली अमेरिकेच्या मेन राज्यातल्या विनालहेवन बेटावर सापडला. उंची जेमतेम १०-१५ सेंमी, पसारा मात्र दोन मीटर. फांद्या मातीला टेकतात, टेकल्या तिथे कधीकधी मुळं धरतात आणि सतरंजी अंथरल्यासारखी जमीन झाकली जाते. दुसरी जात जपानच्या समुद्रकाठच्या वाळूतली. दोघींचं माहेर आठवा: एकीकडे खडक आणि थंडी, दुसरीकडे वाळू. पाणी साचतं कुठे? कुठेच नाही.

आणि मी ती लावली कुठे? आपल्या काळ्या मातीत! हातभर खड्डा, त्यात शेणखत, वर नर्सरीतल्या कुंडीचा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा गोळा. शिवाय आम्ही केळीवाले. सकाळी उठून ठिबक चालू केलं नाही तर आम्हाला चहा गोड लागत नाही. जुनिपरलाही रोज पाणी दिलं. पावसाळ्यात भोवतालची माती फुगून घट्ट झाली आणि मधला भुसभुशीत खड्डा म्हणजे छोटी विहीरच झाली. पाणी आत यायचं, बाहेर जायला वाट नाही. गंमत अशी की झाड हिरवंच दिसत होतं. सूचिपर्णी झाडाचं हेच फसवं असतं, मूळ मेल्यावरही पाला बरेच दिवस हिरवा राहतो. दसऱ्याला ते तपकिरी पडलं. आमच्या सालदाराने एका हाताने उपटलं, तर कुंडीच्या आकाराचा गोळा जसाच्या तसा वर आला. मुळावर चिमूट लावली की साल मोज्यासारखी निघायची, आत काळं, आणि वास नाल्याचा. तो म्हणाला, "दादा, हाई झाड पानी पी पी मरी गयं." मी चार पुस्तकं चाळली होती, त्याने एका वाक्यात सांगितलं.

चौथा लावताना खड्डा खणलाच नाही. मुरूम आणि जाड वाळूत थोडी माती मिसळून गुडघ्याच्या निम्म्या उंचीचा उंचवटा केला, त्यावर रोप बसवलं. खोडाभोवती खत नाही, पाचट नाही, फक्त खडी. थंड मुलखात याला दिवसभर ऊन लागतं, सावलीत ते विरळ होतं. आपल्याकडे मी घराच्या पूर्वेला लावलं: दुपारपर्यंत ऊन, मग भिंतीची सावली. पहिल्या वर्षी मुळं धरेपर्यंत पाणी दिलं. आता बोट मातीत खुपसून दोन पेरं कोरडं लागलं तरच देतो. पावसाळ्यात ठिबकची नळी काढूनच ठेवतो, कारण नळी दिसली की माझा हात राहत नाही.

उन्हाळ्यात लाल कोळी नावाचा बारीक किडा येतो. कपाशीवाल्यांना त्याची ओळख सांगायला नको. फांदी पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालायला लागले की समजा. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराचसा जातो. छाटणी जपून करा. पाला नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलंत तर तिथे पुन्हा फुटवा येत नाही, टक्कल कायमचं. आणि लावण्याआधी हरळी, कुंदा मुळासकट काढा. सतरंजी दाट व्हायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर हरळी त्यातून वर आली, तर काट्यासारख्या पाल्यात हात घालून उपटत बसावं लागतं.

मग सगळं अंगण जुनिपरने झाकावं का? मी नाही झाकणार. खडकाच्या कडेला, उताराच्या तोंडाशी एखाददुसरं शोभतं. तोरणमाळच्या थंडीत कोणी लावत असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या अंगणाच्या खोलगट भागात, जिथे ते तिघं मेले, तिथे मी जमिनीवर पसरणारी जलपिंपळी सोडली. आपल्या ओढ्याकाठची, फुकटची. पावसात आठ दिवस पाण्यात राहिली, वर पोरं नाचली, आणि परवा बघतो तर तिच्या इवल्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या बसलेल्या.