चेतापेशींना हातही न लावणारा विषाणू

नमस्कार श्रोतेहो.

एचआयव्ही म्हटलं की ढासळलेली प्रतिकारशक्ती आठवते, क्षयरोग आठवतो, उतरलेलं वजन आठवतं. मेंदूचं नाव सहसा कोणी काढत नाही. पण लागण होऊन जेमतेम आठ-दहा दिवस झालेल्या काही जणांच्या पाठीतून काढलेल्या पाण्यातही हा विषाणू सापडला आहे. आपल्याला काही झालंय याची त्या माणसाला कुणकुणही नसते, तेव्हाच हा मेंदूच्या दाराशी पोचलेला असतो.

पुढे आत काय घडतं, हे बरंचसं माकडांमुळे कळलं. एचआयव्हीचा भाऊबंद असलेला एसआयव्ही १९८५ मध्ये ऱ्हीसस माकडांत सापडला. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून पाहता येत नाही. या माकडांत मात्र लागणीच्या पहिल्या आठवड्यापासूनचा प्रवास टप्प्याटप्प्याने तपासता आला.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट विणीची असते. विषाणू ती सहसा एकट्याने ओलांडत नाही. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून मेंदूत जात असतात, त्यांच्या पोटात बसून तो जातो. चोरच पोलिसांच्या गाडीतून आला, तर नाक्यावर त्याला अडवणार कोण?

आजारी माकडाच्या मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की बारीक रक्तवाहिनीभोवती पेशींचं दाट कडं दिसतं. मध्येच एखादी अवाढव्य पेशी असते. अनेक पेशी एकमेकींत विरघळून ती झालेली असते, म्हणून तिच्या पोटात केंद्रकांचा पुंजका. उपचारांविना एड्सने दगावलेल्या माणसांच्या मेंदूतही हेच चित्र दिसलं होतं.

आणि गंमत, खरं तर दुर्दैव, असं की चेतापेशींमध्ये हा विषाणू जवळपास शिरतच नाही. तो वाढतो भक्षक पेशींत (मेंदूत शिरलेल्या मोनोसाइटच पुढे अशा जंतू गिळणाऱ्या पेशी होतात) आणि मायक्रोग्लिया या मेंदूच्या राखणदार पेशींत. त्या बिथरतात, दाहक रसायनं सोडत राहतात. विषाणूची प्रथिनंही त्यात भर घालतात. चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते ग्लुटामेट नावाचं रसायन नको तितकं साचतं. चेतापेशींच्या फांद्या आखडतात, एकमेकींशी असलेल्या जोडण्या तुटतात, आणि मग पेशीही मरू लागतात. यात कधी महिने जातात, कधी वर्षं. बाहेरून दिसतं ते एवढंच: वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. डॉक्टर एका फळीवरच्या भोकांत छोट्या खुंट्या बसवायला सांगतात आणि घड्याळ लावतात. हात चुकत नाही; मंदावतो.

आता पश्चिम आफ्रिकेतलं सूटी मँगबी माकड पाहा. एचआयव्ही-२ माणसांत आला तो याच्याकडून. त्याच्या रक्तात एसआयव्ही आयुष्यभर भरपूर असतो, तरी ते सहसा आजारी पडत नाही. सुरुवातीची खळबळ काही आठवड्यांत शमते, आणि मग शरीर त्या पाहुण्याकडे जवळजवळ दुर्लक्षच करतं. ऱ्हीससमध्ये ती खळबळ शमतच नाही. माझ्या मते या सगळ्या संशोधनातला सर्वांत बोलका धागा हाच आहे.

माणसांत १९९६ नंतर एकत्रित औषधोपचार आले आणि गंभीर स्मृतिभ्रंश विरळ झाला. सौम्य तक्रारी मात्र गोळ्या वेळेवर घेणाऱ्या काहींमध्येही राहतात. सगळीच औषधं मेंदूत सारखी पोचत नाहीत. रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नसताना, उपचार घेतलेल्या माकडांच्या मेंदूत त्याची जनुकं मिळाली आहेत. म्हणून एचआयव्ही शरीरातून कायमचा काढण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांना रक्त आणि लसिकाग्रंथी साफ करून भागणार नाही; मायक्रोग्लियापर्यंत पोचावं लागेल, आणि तेही त्यांना पुन्हा न बिथरवता.

नमस्कार.