औषधाच्या नोंदीतल्या गाळलेल्या ओळी

मंडळी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अकीली खोरासानी नावाच्या इराणी हकिमांनी बंगालमध्ये राहून 'मखजन-उल्-अदविया' हा फारसी औषधकोश लिहिला. इराणी वैद्यकात आजही त्याचा आधार घेतात. त्यातली कोणतीही एक वनस्पती काढा. आधी ओळख येते: कुठल्या भाषेत काय म्हणतात, झाड कसं दिसतं, कोणता भाग घ्यायचा, चांगला माल कसा असतो. मग मिजाज, म्हणजे गरम की थंड, कोरडा की ओला, आणि कितव्या दर्जाचा. मग उपयोग. आणि शेवटी चार लहान गोष्टी: मुजिर, मुस्लिह, मिक्दार, बदल. मुजिर म्हणजे कुठल्या अवयवाला बाधतं. मुस्लिह म्हणजे त्या बाधेवरचा उतारा. मिक्दार ही मात्रा, आणि बदल म्हणजे ते औषध नसेल तर त्याच्या जागी काय चालेल.

आज मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीत यातली एकच ओळ शिल्लक असते, उपयोगाची. 'अमुक वनस्पती तमुक आजारावर रामबाण', एवढंच. ज्या ओळींनी माणूस सुरक्षित राहायचा, त्याच गळाल्या. म्हणून आज मी मुद्दाम त्याच ओळींबद्दल बोलणार आहे, आणि उदाहरणं शक्यतो आपल्या घरात असलेली घेणार आहे.

दर्जाची कल्पना आधी समजून घेऊ. थोर हकीम इब्न सीना (इ. स. ९८० ते १०३७), ज्यांची कबर इराणच्या हमदान शहरात आहे, त्यांनी ती नेमकी मांडली. पहिल्या दर्जाच्या औषधाचा परिणाम जाणवतही नाही, जोवर ते पुन्हापुन्हा किंवा जास्त घेतलं नाही. दुसऱ्या दर्जाचा जाणवतो, पण बाधत नाही. तिसऱ्याचा बाधतो, जीव जात नाही. चौथ्या दर्जाचं जिवावर बेततं. गरम-थंड हे गुण प्रयोगशाळेत मोजता येणारे नाहीत आणि मी तसा दावाही करणार नाही. पण 'हे किती जोरात लागतं' हा प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारायचाच, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. उताऱ्याची कल्पना तर आपल्याला परकी नाहीच. आमरसाच्या वाटीत आपण तूप सोडतो, सुंठेची पूड भुरभुरतो, हरभऱ्याच्या उसळीला हिंग-ओवा घालतो. तो मुस्लिहच आहे.

आता हिंग. इराणचं खोरासान, केरमान, फार्स आणि अफगाणिस्तान हा त्याचा मुलूख. कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप यांच्याच कुळातलं हे झाड कोरड्या डोंगरउतारावर वाढतं. फुलोरा यायला साधारण पाच वर्षं लागतात आणि एकदा फुललं की झाड मरतं. म्हणून हिंग काढणारे वसंतात, फुलोऱ्याच्या आधी जातात. गाजरासारख्या जाड मुळाच्या माथ्याभोवतीची माती बाजूला करतात आणि माथ्याशी खोड कापतात. उघड्या कापावर काटक्या आणि मातीची लहान घुमटी रचतात, कारण कडक उन्हात चीक लगेच वाळून तोंड बंद होतं. काही दिवसांनी साठलेला चीक खरवडायचा, वरून पातळ चकती कापायची, पुन्हा झाकायचं. असं चीक येणं थांबेपर्यंत, दोन-तीन महिने चालतं. लोभापायी सगळीच झाडं कापली, बियांसाठी एकही ठेवलं नाही, की तो डोंगर पुढची कित्येक वर्षं रिकामा. आपल्याकडे १५ ऑक्टोबर २०२० ला हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात क्वारिंग गावी पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने हिंगाचं पहिलं रोप लावलं. त्याच्या फळाला इतका धीर का लागतो, ते यावरून कळेल.

कच्च्या हिंगात साधारण निम्मा भाग राळ, पाव भाग डिंक आणि दहा-पंधरा टक्के उडनशील तेल असतं. उग्र वास त्या तेलातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा. इतका तीव्र माल घरी वापरणं अवघड, म्हणून त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळून 'बांधणी' हिंग करतात. डबीतला हिंग बहुधा हाच. ही भेसळ नव्हे, कायद्याने मान्य प्रकार आहे. अल्कोहोलमध्ये उतरणारा अंश, म्हणजे ढोबळमानाने राळ-तेल, त्यात किमान ५ टक्के असावा लागतो. यातून दोन गोष्टी निघतात. गव्हाचं ग्लूटेन ज्यांना चालत नाही, त्यांनी डबीवरचा घटकांचा मजकूर वाचलाच पाहिजे, कारण चिमूटभर मैदाही त्यांच्या आतड्याला पुरतो. आणि घरची परीक्षा करताना गल्लत होते. 'अस्सल हिंग पाण्यात दुधासारखा विरघळतो, कापरासारखा पेटतो' हे खड्या हिंगाला लागू आहे. बांधणी हिंगाचं पीठ तळाशी बसणारच. त्यावरून दुकानदाराला खोटा ठरवू नका. तळाशी खडे, माती, रंग दिसला तर मात्र जरूर तक्रार करा.

इ. स. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधसंवादांत एक संवाद हिंगावर आहे. हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही जात असे. त्याच दरबारी पुढे इराणच्या अस्तराबादेत जन्मलेला इतिहासकार फरिश्ता वाढला. १५८९ मध्ये तो विजापूरला गेला आणि इतिहासाबरोबरच भारतीय वैद्यकावर त्याने फारसीत ग्रंथ लिहिला. औषधांची ही ये-जा दोन्ही बाजूंनी होती, आणि तिच्या वाटेवर आपलं नगर होतं.

हिंगाचा मुजिर: कच्चा हिंग जठराला आणि घशाला झोंबतो. मुस्लिह: तूप. तुपात हलकं फुलवून घेतलेला हिंग सौम्य होतो. फोडणीतही मोहरी तडतडल्यावर आंच कमी करून मगच हिंग टाका, नाहीतर क्षणात जळून कडू होतो. मात्रा मोठ्यांना चिमूटभर. तान्ह्या बाळाचं पोट दुखतं म्हणून हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावतात, ते तेवढ्यावर थांबवा. पोटात देऊ नका. काही आठवड्यांच्या बाळाला हिंग दिल्यावर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घसरून बाळ निळं पडल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी फोडणीपलीकडे हिंग घेऊ नये, गरोदर बाईने तर नाहीच.

इसबगोल हा शब्दच फारसी, 'घोड्याचा कान'. बी होडीसारखं असतं, त्यावरून. जुने हकीम बजावतात की बी अख्खं भिजवा, कुटू नका. बुळबुळीतपणा टरफलात असतो, कुटून काही मिळवायचं नसतं. आज आपण भुशी घेतो. एक लहान चमचा भुशी, पूर्ण पेलाभर म्हणजे २५० मिलिलिटर पाण्यात, ढवळून लगेच प्यायची आणि वर आणखी पाणी. कोरडी तोंडात टाकली तर अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते. गिळायला त्रास असणाऱ्यांनी घेऊच नये. इतर औषधं आणि ती यांत दोन तासांचं अंतर ठेवा, कारण ती औषध धरून ठेवते.

आता ओळखीच्या ओळीकडे येतो. तिथली चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते. इराणमध्ये मन शांत करायला 'गुले गावजबान' पितात. गावजबान म्हणजे बैलाची जीभ, कारण पानं तशी खरबरीत. इराणात या नावाने विकतात ती एखियम अमीनम नावाच्या झाडाची जांभळी फुलं, गिलान प्रांतात अश्केवरच्या डोंगराळ भागात होणारी. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात 'गावजबान' मागा, बहुधा पानं मिळतील, पांढऱ्या दाण्यांवर ताठ केस असलेली, ओनोस्मा नावाच्या वेगळ्याच झाडाची. युरोपात ज्याला बोराज म्हणतात ते तिसरं. कुळ एक, पण झाड वेगळं, भाग वेगळा. इराणी फुलांवरचं संशोधन वाचून इथली पानं उकळून पिणं म्हणजे एकाच्या नावाची चिठ्ठी दुसऱ्याला देणं.

फुलं करायची रीत अशी. दोन कप उकळतं पाणी किटलीत घ्या, तीन ग्रॅम सुकी फुलं टाका. ती इतकी हलकी असतात की तेवढ्याला लहान ओंजळ भरते. सुकं लिंबू, ज्याला ते 'लिमू अमानी' म्हणतात, फोडून बिया काढून टाकायचं. बिया राहिल्या तर काढा कडू होतो. मग वाफेवर दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, थेट उकळायचं नाही. आधी पाणी मळकट निळं-जांभळं दिसतं. लिंबाची आंबटाई उतरली की रंग गुलाबी-तांबडा होतो, जसा गोकर्णीच्या निळ्या चहात लिंबू पिळल्यावर बदलतो. तपकिरी, जुनी फुलं असा रंग देत नाहीत. रंग बदलला म्हणजे फुलं ताजी, एवढंच सिद्ध होतं. झाड कोणतं, ते नाही.

या कुळात यकृताला मारक अशी पायरोलिझिडिन अल्कलॉइडं असतात, आणि इराणी फुलांच्या पाकळ्यांतही ती सापडली आहेत. कधीतरी एखादा कप वेगळा, रोज महिनोन्‌महिने वेगळं. गरोदरपणी, अंगावर पाजताना आणि यकृताचा आजार असेल तेव्हा तो एक कपही नको.

केशराचं थोडक्यात. एक किलो सुक्या केशराला सुमारे दीड लाख फुलं लागतात. एका फुलात तीन काड्या, म्हणजे एक काडी जेमतेम दोन मिलिग्रॅमची, आणि पंधरा काड्यांचे तीस मिलिग्रॅम. तेहरानमध्ये सौम्य ते मध्यम नैराश्यावर जे प्रयोग झाले, त्यांत रोज ३० मिलिग्रॅम केशराचा अर्क दिला होता. अर्क आणि काड्या एक नव्हेत, पण औषधाची मात्रा किती लहान असते ते लक्षात यावं. पाच ग्रॅमच्या वर केशर विषारी ठरू लागतं, आणि मोठी मात्रा गर्भाशय आकुंचित करते. गरोदरपणी दुधात दोन-चार काड्या चालतात. बाळाच्या रंगाशी त्यांचा काही संबंध नाही, आणि त्या आशेने मात्रा वाढवणं धोक्याचं आहे. भेसळ बहुधा आपल्या करडईच्या पाकळ्यांची. भिजवून पाहा: केशराची काडी एका टोकाला कर्ण्यासारखी उमलते, करडईचं नळीदार फूल टोकाला पाच पाकळ्यांत फाटतं.

शेवटी एक असं औषध, ज्याच्या कृतीतच उतारा आहे. सिकंजबीन, म्हणजे सिर्का आणि अंगबीन, शिर्का आणि मध. आपली शिकंजी याच नावावरून आली. शिर्का थंड आणि चेतांना बाधणारा मानला, म्हणून त्याला गरम मधाची जोड दिली. घरी आता साखर वापरतात. चार वाट्या साखर दोन वाट्या पाण्यात उकळा. विरघळली की एक वाटी पांढरं व्हिनेगर घाला आणि मंद आंचेवर वीस मिनिटं, मधासारखं चिकट होईपर्यंत ठेवा. व्हिनेगर अगदी शेवटी घातलं तर साखर आम्लाबरोबर पुरेशी शिजत नाही आणि बाटलीत खडे धरते. पाक पातळ राहिला तर आंबतो. भांडं स्टीलचं, तांबं-ॲल्युमिनियम नाही. गॅस बंद करून कोमट झाल्यावर दहा-बारा काड्या पुदिना टाका. उकळत्यात टाकला तर काळा पडून कडवट होतो. गार झाल्यावर पुदिना काढून गाळा. एका भागाला चार-पाच भाग गार पाणी आणि किसलेली काकडी, हे इराणातलं उन्हाळ्याचं पेय. आम्लपित्त असणाऱ्यांनी जेवणानंतर, तेही थोडं घ्यावं. मधुमेह असेल तर ही अख्खी साखर आहे हे विसरू नका. आणि मध वापरून केलं असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला त्याचा थेंबही देऊ नका.